काचेमागचा एंजल मासा

चित्राविषयीं बोलावयाचें आणि चित्र मात्र दाखवितां यावयाचें नाहीं, ही नभोवाणीची जुनीच अडचण आहे. तेव्हां काचेच्या टाकींतला एकच मासा आपण डोळ्यांपुढें आणूं. मूळचा अमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला, ताटलीसारखा चपटा, रुपेरी अंगावर उभे काळे पट्टे असलेला एंजल मासा. हौशी लोकांच्या घरीं तो हटकून असतो आणि त्याचे फोटोहि हटकून बिघडतात. कारण बहुधा एकच: आपण माशाच्या मागें कॅमेरा घेऊन धांवतों.

माशाला ‘जरा इकडे पाहा’ असें सांगतां येत नाहीं. म्हणून चौकट आधीं ठरवावी आणि मासा तींत येण्याची वाट पाहावी. एंजलचे वरचे-खालचे पर पसरले म्हणजे तो लांबीपेक्षां उंच भरतो. यास्तव कॅमेरा, किंवा आतां ज्याच्या त्याच्या हातीं असलेला मोबाइल, उभा धरावा. गपीसारख्या लांबट माशाला आडवी चौकट शोभते. भिंग माशाच्या डोळ्याच्या पातळीवर आणावें. वरून पाहिलें तर या माशाची केवळ एक रेघ उरते. शेपटीमागें सोडाल त्याहून अधिक पाणी तोंडापुढें सोडावें, नाहीं तर मासा चौकटीला धडकतो आहेसें वाटतें. मागच्या झाडाची काडी त्याच्या डोक्यांतून उगवल्यासारखी दिसत असेल, तर आपणच थोडें बाजूला सरावें.

काचेचें प्रकरण निराळें. खोलींतले दिवे मालवून टाकीवरचा तेवढा ठेवावा, म्हणजे काचेंत आपलाच चेहरा उमटत नाहीं. १९२६ सालीं फ्लॉरिडाजवळच्या समुद्रांत लाँगली व मार्टिन यांनीं माशांचीं रंगीत छायाचित्रें घेतलीं, तेव्हां प्रकाशासाठीं तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती! आजच्या कॅमेऱ्यांना टाकीवरचा दिवा पुरतो. भिंग काचेला काटकोनांत धरावें. तिरकें धरल्यास वक्रीभवनानें रंग फांकतात व कडा पुसट होतात. याच वक्रीभवनामुळें काचेमागें २० सेंटिमीटरवर असलेला मासा सुमारें १५ सेंटिमीटरवर दिसतो, आणि भिंगहि त्या दिसण्यालाच मानतें. तेव्हां अंतर मोजीत बसूं नये. माशाचा डोळा रेखीव दिसेपर्यंत भिंग जुळवावें. डोळा स्पष्ट आला कीं शेपटीचें टोंक धूसर झालेलें खपतें.

कांहीं छायाचित्रकार टाकींत दुसरी काच उभी करून माशाला पुढच्या अरुंद जागेंत कोंडतात. चौकट हुकमी मिळते खरी. पण भेदरलेला मासा पर मिटून घेतो, पट्ट्यांचा रंग पालटतो, आणि ज्या डौलासाठीं हा खटाटोप तो डौलच नाहींसा होतो. मला ती युक्ति पसंत नाहीं. अर्धा तास स्वस्थ बसावें. मासे आपणांस विसरतात.

याहून नाजूक प्रसंग विणीचा. एंजलचें जोडपें रुंद पानावर अंडीं चिकटवितें, आणि दोघेंहि परांनीं त्यांवर पाणी वारीत राहतात. दोन-तीन दिवसांत पिलें बाहेर येतात. तिरकें पान, त्यावरचे बारीक दाणे आणि वर झुकलेले आईबाप, यापरतें सुंदर चित्र टाकींत दुसरें नाहीं. परंतु याच वेळीं झगझगीत प्रकाश चमकला, कोणीं काचेवर टिचकी मारली, तर बिथरलेले आईबाप स्वतःचीं अंडीं खाऊन टाकतात असें पुष्कळदां घडतें. त्या दिवसांत फ्लॅश वापरूं नये, टाकींत हात घालूं नये. कॅमेरा तिवईवर चार-पांच फूट दूर ठेवून लांब पल्ल्याचें भिंग लावावें, पान चौकटीच्या खालच्या भागांत येईलसें धरावें आणि वरचें पाणी मोकळें सोडावें. राखणीचा मासा फेरी मारून तेथेंच परत येतो.