मंडप निघाला, अभ्यास राहिला

गवत कापणीची यंत्रे बनविणाऱ्या एका कारखानदाराने सुरू केलेले धर्मशिबिर दीडशे वर्षांनंतरही भरते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

अमेरिकेच्या ओहायो राज्यातले लुईस मिलर हे ते कारखानदार. जॉन व्हिन्सेंट या धर्मोपदेशकाच्या साथीने त्यांनी १८७४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा तलावाकाठी चर्चच्या रविवारच्या शाळांतील शिक्षकांचे शिबिर भरवले. जागा मेथॉडिस्ट पंथाच्या प्रार्थना-मेळाव्याची, मुक्काम तंबूत, मुदत दोन आठवडे. पुढे धर्माच्या जोडीला शास्त्र, साहित्य, संगीतही आले.

पण घरी गेल्यावर काय? त्यासाठी १८७८ मध्ये व्हिन्सेंट यांनी चार वर्षांचा वाचनक्रम आखला. कॉलेजची पायरी न चढलेली माणसं घरी पुस्तक वाचायची, गावात मंडळ करून चर्चा करायची. १८८२ मध्ये पहिली तुकडी उत्तीर्ण झाली.

आपल्याकडेही सप्ताह होतो, शेतकरी मेळावा होतो; मंडप निघाला की विषय संपतो. गावकारभाऱ्यांनो, पुढच्या मेळाव्यात आभार मानण्याआधी एवढं ठरवा: महिन्यातून एक वार, समाजमंदिरात दहा जण, एक पुस्तिका. एकाने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी आपल्या शिवाराशी ताडून पाहावी. सुरुवात घरात पडून असलेल्या माती परीक्षणाच्या अहवालापासून केली तरी चालेल.