काळ्या शाईत दिसणारी साखर

पाठीतलं पाणी आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत येतं ते छोट्या निर्जंतुक बाटल्यांतून, जेमतेम एक-दोन मिलिलिटर. सोबतच्या कागदावर निवासी डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात चार शब्द असतात: तीन आठवडे डोकेदुखी, उलट्या, एचआयव्ही. जिवाणूंचा मेंदूज्वर असेल तर पाणी गढूळ येतं. क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीनं मेंदूच्या आवरणात ठाण मांडलं असेल तर मात्र ते पुष्कळदा नितळच असतं, पांढऱ्या पेशीही फारशा सापडत नाहीत. म्हणून नितळ पाणी पाहून कुणी निश्चिंत झालं की मला काळजी वाटते.

आमच्याकडचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, सगळे त्यांना काका म्हणतात, नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, वरचं पाणी दुसऱ्या नळीत जपून ठेवतात आणि तळाच्या साक्याचा थेंब काचपट्टीवर घेतात. त्यात इंडिया इंकचा इवलासा थेंब मिसळतात आणि वर कव्हरस्लिप ठेवतात. शाई जास्त झाली तर नुसता अंधार, कमी झाली तर फिकट करडा पडदा. काका काचपट्टी छापील कागदावर धरतात. खालची अक्षरं वाचता आली तर शाई बरोबर. नव्या मुलांना ते हेच आधी शिकवतात आणि माझ्या मते तपासणीचा अर्धा भाग इथेच पार पडतो.

‘‘मॅडम, बघा बरं, मला कळी दिसतेय.’’

मी सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर थोडा खाली घेते. काळ्या पटावर एक गोल पेशी, तिच्या अंगाला अरुंद मानेनं चिकटलेली दुसरी लहान पेशी आणि दोघींभोवती लख्ख वलय. शाईतले कार्बनचे कण त्या वलयाच्या कडेपाशी येऊन थांबलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जागा रिकामी वाटते; खरं तर ती शर्करेनं भरलेली असते. मॅनोज या साध्या साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून लांब कणा बनतो आणि त्याला झायलोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्लाच्या फांद्या फुटतात. या गुंत्यात शाईचे कण शिरू शकत नाहीत. रक्तातल्या भक्षक पेशींनाही या कवचामुळे बुरशी गिळता येत नाही. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीभोवतीही कधी फसवं वलय दिसतं, पण त्याची कड विरघळल्यासारखी असते, आत दुहेरी रेषेची भिंत नसते, कळी नसते. शंका असेल तर मी दुसरी काचपट्टी करायला सांगते.

हे कवच पेशीला चिकटून राहतं तेवढंच नाही. बुरशी ती शर्करा भोवतालच्या पाण्यात सतत सोडत राहते. मेंदूभोवतालचं पाणी ज्या सूक्ष्म वाटांनी रक्तात परत जातं, त्या वाटा या शर्करेनं आणि बुरशीच्या पेशींनी तुंबतात, आणि कवटीतला दाब चढतो. डोकं फुटेल असं दुखतं, दृष्टी अंधुक होते, काहींची कायमची जाते. औषध सुरू झालं तरी हा दाब लगेच उतरत नाही. तो पाण्याच्या स्तंभात मोजल्यास २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाठीत सुई घालून एका वेळी २० ते २५ मिलिलिटर पाणी काढावं लागतं, गरज पडल्यास रोज.

नेमकं इथेच नातेवाईक अडतात. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती आपल्याकडे खोलवर आहे. आधीच अशक्त झालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा टोचताना पाहणं घरच्यांना जड जातं, हे मला समजतं. पण या आजारात ते पाणी काढणं हा उपचारच आहे. वॉर्डातल्या डॉक्टरांनी वेळ काढून हे समजावलं आणि एकदा पाणी काढल्यावर रुग्णाची डोकेदुखी उतरली, तर पुढच्या खेपेला घरचेच विचारतात, ‘‘आज काढणार ना?’’

शर्करेची हीच सांडलवंड निदानाच्या कामी येते. शाईच्या तपासणीत बुरशी थोडी असेल तर ती निसटते. आता मात्र तिची शर्करा ओळखणारी प्रतिपिंडं लावलेली पट्टी मिळते. काकांनी जपून ठेवलेल्या त्या पाण्यात किंवा रक्तद्रवात ती बुडवायची. दहा मिनिटांत दोन रेघा उमटल्या की क्रिप्टोकॉकसचं निदान पक्कं. बुरशी मेल्यावरही तिची शर्करा महिनोन्‌महिने शरीरात रेंगाळते. त्यामुळे उपचार लागू पडला का, हे पट्टी सांगू शकत नाही. त्यासाठी कल्चरच लावावं लागतं.

शर्करेचं कवच घालणारे जंतू इतरही आहेत. मधुमेहींच्या यकृतात गळू करणाऱ्या क्लेब्सिएला या जिवाणूच्या काही जाती प्लेटवर इतक्या बुळबुळीत वाढतात, की लूप लावून वर उचललं तर एकतारी पाकासारखी तार निघते. ती पाच मिलिमीटरहून लांब असेल तर आम्ही वॉर्डाला लगेच फोन करतो. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकसच्या तर शंभराहून अधिक जाती आहेत आणि प्रत्येकीची शर्करा निराळी. ही कवचं शर्करेची असतात, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओस्वाल्ड एव्हरी आणि मायकल हायडेलबर्गर यांनी १९२३ साली दाखवलं. प्रतिजैविकं येण्याआधी न्यूमोनियावर घोड्याच्या रक्तापासून केलेला सीरम देत, आणि तो फक्त त्या-त्या जातीच्या कवचावर चाले. जात ओळखायला उशीर झाला तर सीरम असूनही निरुपयोगी. त्या काळच्या प्रयोगशाळांतले लोक रात्री-अपरात्री थुंकीचे नमुने तपासत बसत, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

मग या शर्करेचीच लस का करू नये? मोठ्यांसाठी केलीही. पण दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नुसत्या शर्करेला नीट दाद देत नाही, कारण प्रतिपिंडं करणाऱ्या पेशींना ज्या टी पेशींची मदत लागते त्या प्रथिनं ओळखतात, अशी शर्करा नाही. एव्हरी आणि त्यांचे सहकारी गोबेल यांनी १९२९ मध्येच शर्करा प्रथिनाला जोडून वाट दाखवली होती. ती बाळांच्या लशीपर्यंत पोचायला १९८७ उजाडलं. पुढे याच वाटेनं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस ‘ए’ या जिवाणूची शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइड या प्रथिनाला जोडून लस केली. जोडणीचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांचं होतं आणि एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी ठेवली होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात दर काही वर्षांनी हजारो बळी घेणारा ‘ए’ गटाचा मेंदूज्वर त्यानंतर जवळजवळ नाहीसा झाला. महाराष्ट्रात झालेल्या कामाचा इतका अभिमान मला क्वचितच वाटला आहे.

क्रिप्टोकॉकसवर मात्र वापरात आलेली लस अजून नाही. तिथे आपल्या हातात आहे ती पट्टी, आणि ती लवकर वापरण्याची निकड. एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात ही शर्करा डोकं दुखू लागण्याच्या कित्येक आठवडे आधी सापडते. सीडी४ या टी पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे १००च्या खाली असलेल्या प्रत्येकाचं रक्त या पट्टीवर तपासावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पट्टी पॉझिटिव्ह आली आणि पाठीच्या पाण्यात काही सापडलं नाही, तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्या सुरू करता येतात आणि तो माणूस घरी राहून उपचार घेऊ शकतो. तरीही आमच्याकडे येणारे बरेच जण आधी महिनाभर डोकेदुखीच्या गोळ्या खाऊन आलेले असतात. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात सीडी४साठी घेतलेल्या रक्तातलाच थोडा भाग त्याच दिवशी या पट्टीवर टाकला गेला पाहिजे. त्यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही आणि महागडं यंत्रही लागत नाही.