जोडीचे कार्बुरेटर आणि आपले इथेनॉल



उसापासून मळी, मळीपासून अल्कोहोल आणि त्यापासून इथेनॉल, ही साखळी आता आपल्याला तोंडपाठ आहे. 2025 साली देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पाही गाठला गेला. पण हा माल पुढं कुणाच्या इंजिनात जातो आणि तिथं काय करतो, हे आपण कधी पाहतो का? त्यासाठी आज एका जुन्या जर्मन गाडीची गोष्ट सांगतो.

ही गाडी म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन. 1950 साली ती वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात निघू लागली आणि 1956 पासून हॅनोव्हरला. पहिलं इंजिन होतं 1131 सीसीचं, ताकद अवघी 25 अश्वशक्ती. 1960-70 च्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या वाटेनं थेट गोव्यापर्यंत येणारे गोरे पाहुणे अशाच गाड्यांतून यायचे. इंजिन मागच्या बाजूला, रेडिएटर नाही, पाणी नाही. पंखा हवा मारतो आणि त्यावरच इंजिन गार राहतं. दोन सिलिंडर डावीकडं आडवे, दोन उजवीकडं.

पुष्कळ गाड्यांना मधोमध एकच कार्बुरेटर असे आणि तिथून लांब नळ्या दोन्ही बाजूंना जात. आता पाट लांब असला की शेवटच्या सरीला पाणी पोचेपर्यंत निम्मं मुरतं, हे तुम्हांला सांगायला नको. तसंच थंडीत पेट्रोलची वाफ नळीच्या भिंतीला थेंब होऊन चिकटते आणि इंजिन अडखळतं. म्हणून 1972 च्या मॉडेलपासून 1.7 लिटरच्या इंजिनाला कंपनीनंच सोलेक्सचे दोन कार्बुरेटर दिले, दर बाजूला एक.

निवडताना पहिला नियम असा की मोठं ते चांगलं नव्हे. मूळचे सोलेक्स दुरुस्त होण्याजोगे असतील तर तेच ठेवावेत. साध्या 1600 सीसी इंजिनाला वेबरचे एकनळी 34 आयसीटी पुरतात. दुनळी 40 आयडीएफची जोडी घेतली की चार सिलिंडरना चार नळ्या मिळतात, पण ती शोभते वाढवलेल्या इंजिनाला. नळीचं तोंड गरजेपेक्षा मोठं झालं की हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे नीट तुषार होत नाहीत आणि भरलेली गाडी चढाला मान टाकते.

दुसरा नियम, कार्बुरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी थंड इंजिनावर वाल्वची फट पाहावी. 1600 ला ती 0.15 मिलिमीटर. मग ठिणगीची वेळ. मग नळ्यांच्या सांध्यातून कुठं हवा ओढली जात नाही ना, ते तपासावं. हे न करता स्क्रू पिळत बसलं तर दिवस जातो आणि दुखणं तिथंच राहतं.

आता मुख्य काम, जोडी जुळवणं. वेबरच्या जोडीचं सांगतो. बैलजोडीत एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं नुसतं जू मानेवर घेऊन चालायचं, तर नांगर सरळ जाईल का? इंजिन पुरतं गरम करावं, कारण तापल्यावर ते फुगतं आणि दोन्ही कार्बुरेटरमधलं अंतर बदलतं. जोडणारा दांडा सोडवावा. हवेचं छोटं मीटर एकेका तोंडावर धरून, दोन्हीकडं काटा सारखा येईपर्यंत चालीचे स्क्रू फिरवावेत. फेरे मिनिटाला साधारण 850 ते 900. मीटर नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दोन्हीकडचा फुत्कार ऐकावा. मुरलेला मिस्त्री एवढ्यावरही भागवतो. नंतर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घ्यावा. इंजिन लटपटलं की जरा बाहेर, जिथं चाल सगळ्यांत गुळगुळीत तिथं थांबावं. शेवटी दांडा जोडून 2500 फेऱ्यांवर पुन्हा मोजावं. तिथं फरक पडला तर दोष दांड्याच्या लांबीत.

आणि इथंच आपलं इथेनॉल येतं. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणजे 20 टक्क्यांच्या मिश्रणात तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के इंधन जास्त हवं. नवी गाडी हे आपलं आपण जुळवते. कार्बुरेटरला ते कळत नाही. त्याचं भोक ठरलेलं. मिश्रण हलकं पडतं, इंजिन तापतं, आणि हवेवर गार होणाऱ्या इंजिनात त्याची किंमत जळलेल्या वाल्वनं मोजावी लागते. उपाय महाग नाही. 120 क्रमांकाचा जेट काढून 125 चा घालावा आणि प्लगचा रंग पाहावा. पांढरट तर मिश्रण अजून हलकं, काजळी तर जास्त, तपकिरी तर बरोबर.

दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, त्याला भेगा पडतात. या व्हॅनमध्ये पेट्रोलच्या नळ्या तापलेल्या इंजिनाशेजारून जातात. 1600 इंजिनाचं खोकं तर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. पेटलं की पाणी मारून विझत नाही. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि चांगल्या पकडी, यात काटकसर नको.

हे सगळं अशक्य नाही, हे ऊसवाल्या ब्राझीलनं दाखवलं. तिथं 1975 पासून सरकारनं उसाचं अल्कोहोल गाडीत आणलं आणि हीच व्हॅन ‘कोंबी’ नावानं 2013 पर्यंत बनत राहिली.

तुमच्या गोठ्यामागं कार्बुरेटरची जुनी मोटारसायकल उभी असेल, तिलाही हेच लागू. तिची नळी आजच वाकवून पाहा. भेग दिसली तर बदला. आणि पंपावर कुणी “इथेनॉलनं गाडी बिघडली” म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला जेट आणि नळी दाखवा. माल आपला आहे. तो कसा वापरायचा हे सांगणंही आपल्याच अंगावर आहे.