नाश्त्याचं खोकं पाठीमागून वाचा

कोराडी-महादुल्याच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरगं सकाळी भाकर खात नाही. दुधातले ते चॉकलेटवाले फ्लेक्स मागते. देऊ का?" विचारणारी बहुतेक वेळा कामाला जाणारी आई असते. कोणी पॉवर हाऊसमध्ये ठेकेदाराकडे, कोणी नागपुरात चार घरची धुणीभांडी. ती सातच्या आत घर सोडते आणि पोरगं मागाहून एकटं आवरून शाळेत जातं.

अशा आईला "ताजं करून घाला" एवढंच सांगून मोकळं होणं मला पटत नाही. खोक्याचा एक फायदा खराच आहे. गॅस पेटवावा लागत नाही, दहा वर्षांचं लेकरू स्वतः वाटीत ओतून घेतं. म्हणून या खोक्यात काय असतं ते आधी बघू. मग तितकंच सोपं आणि स्वस्त दुसरं काय देता येईल, त्याकडे वळू.

हे कॉर्नफ्लेक्स मुळात अमेरिकेतले. मिशिगन राज्यात बॅटल क्रीक या गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम होतं. तिथल्या रुग्णांसाठी साधं, पचायला हलकं खाणं म्हणून १८९० च्या दशकात हे फ्लेक्स तयार झाले. डॉक्टरांचे धाकटे भाऊ विल यांना ते बाजारात विकायचे होते आणि चव यावी म्हणून त्यात साखर घालायची होती. डॉक्टरांना ती साखर नको होती. १९०६ साली विल यांनी वेगळी कंपनी काढली आणि साखर घातलीच. साखरेचं भांडण असं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

भारतात ही कंपनी १९९४ साली आली. कारखाना आपल्याच राज्यात, तळोज्याला. आपले लोक दूध गरम करून पितात. गरम दूध ओतलं की फ्लेक्सचा लगदा व्हायचा, त्यामुळे सुरुवातीला खप बेताचाच राहिला. पुढे लहान मुलांसाठी गोड, चॉकलेटी प्रकार आले आणि खोकं घराघरात शिरलं. आता दुकानात टांगलेल्या छोट्या पुड्यांमधून ते आपल्या वस्तीतही आलं आहे.

खोक्याची समोरची बाजू ही जाहिरात असते. तिथे सूर्य असतो, दुधाची धार असते, "मल्टीग्रेन", "आयर्न", "व्हिटॅमिन" असे शब्द असतात. "कोलेस्टेरॉल शून्य" असंही असतं. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. मक्यात, गव्हात ते नसतंच, मग शून्याचं कौतुक कशाला? खरी माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. कायद्याने इंग्रजी किंवा हिंदी चालते, मराठीची सक्ती नाही. घरात नववी-दहावीत शिकणारी मुलगी असेल तर तिला वाचायला बसवा. तिचाही अभ्यास होईल.

तिने आधी "इन्ग्रेडियन्ट्स" हा भाग शोधावा. नियम असा आहे की ज्या वस्तूचं वजन सर्वांत जास्त, तिचं नाव पहिलं. पहिल्या तीन नावांत "शुगर" दिसली तर ते खोकं खाऊच्या फळीवरचं, नाश्त्याच्या नाही. "रिफाइंड व्हीट फ्लोअर" म्हणजे मैदा. साखर वेगवेगळी नावं घेऊनही येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. मध आणि गूळ लिहिलं असलं तरी शरीरात जाते साखरच. समोर "नाचणी" किंवा "ओट्स" असं मिरवलं असेल तर मागे त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. ते बघा. नाचणीचं चित्र मोठं आणि प्रमाण चिमूटभर, असंही निघतं.

मग पोषणाचा तक्ता. त्यात "१०० ग्रॅममागे" हा रकाना धरा. एका वेळेचा, म्हणजे "पर सर्व्ह" रकाना धरू नका, कारण कंपनीची एक वेळ साधारण ३० ग्रॅमची असते आणि भुकेलं पोरगं त्याच्या दुप्पट सहज ओततं. हिशेब सोपा आहे. चहाच्या सपाट चमच्यात ४ ग्रॅम साखर बसते. १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम साखर असेल तर ३० ग्रॅम फ्लेक्समध्ये ९ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन चमचे. पोराने दुप्पट घेतलं तर साडेचार. दुधात आपण वरून घालतो ती वेगळीच.

किती साखर म्हणजे जास्त? ब्रिटनमध्ये पाकिटांवर रंगांच्या खुणा करतात. तिथे १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर हिरवी खूण, साडेबावीसच्या वर गेली की लाल. आपल्याकडे अशी खूण नाही, पण हे दोन आकडे लक्षात ठेवले तर काम भागतं. मिठासाठी "सोडियम" बघा. ते ६०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर खारट समजा. मसाला ओट्सची पाकिटं इथे पकडली जातात. "फायबर", म्हणजे चोथा, ६ ग्रॅम किंवा जास्त असेल तर चांगलं.

आणखी एक गोष्ट बायकांना सांगितली की त्या चिडतात, आणि चिडावंच. तक्त्यात "दिवसाच्या गरजेच्या इतके टक्के" असं लिहिलेलं असतं. ते टक्के २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने काढलेले असतात आणि त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. खोक्यावर कार्टून लहान मुलासाठी आणि हिशेब मात्र बापाच्या पोटाचा!

तान्ह्या बाळांच्या डब्याचंही तसंच. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेने नेस्लेच्या सेरेलॅकची तपासणी जाहीर केली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळेच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास साखर वरून घातलेली आढळली. त्याच कंपनीचं तसलंच बाळअन्न युरोपात बिनसाखरेचं विकलं जात होतं. आपण भारताचे नियम पाळतो आणि साखर कमी करत आणली आहे, असं कंपनीचं उत्तर होतं. नियमात बसत असेलही. पण तिकडच्या लेकराला एक माप आणि इकडच्या लेकराला दुसरं, याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की बोर्नव्हिटा आणि तसली पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरात दाखवू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात "हेल्थ ड्रिंक" अशी व्याख्याच नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्या नावाने डबा घेत होतो, ते नाव कायद्यात कुठेच नव्हतं.

आता आपल्या घरात काय आहे ते बघू. बिनगॅसचं, पोराला स्वतः घेता येईल असं. ज्वारीच्या लाह्या! नागपंचमीला आणतो त्याच. फुटाणेवाल्याकडे एरवीही मिळतात, नसतील तर सांगून ठेवा. डब्यात भरून ठेवल्या की पोराने वाटीत घ्यायच्या, दूध ओतायचं आणि केळं कुस्करायचं. अख्ख्या ज्वारीचा चोथा त्यात आहे, साखर नाही. हे आपले फ्लेक्सच आहेत, फक्त त्यांची टीव्हीवर जाहिरात नाही. दूध नसेल त्या दिवशी लाह्यांचं पीठ ताकात कालवून, मीठ-जिरं घालून. मुरमुरे एकटे पोकळ असतात. त्यात मूठभर फुटाणे आणि फल्लीदाणे टाकले तर पोट धरून राहतं. १०० ग्रॅम फुटाण्यांत २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये सातेक ग्रॅम. पाकिटाची किंमत त्यावरच्या ग्रॅमने भागा, फुटाण्यांचा किलोचा भाव शेजारी मांडा, मग दुकानदाराला काही विचारायची गरज राहणार नाही.

रविवारी किंवा सुट्टीच्या पाळीला उकडपेंडी करा. थोड्या तेलात मोहरी, कांदा, हिरवी मिरची, त्यात गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ खमंग भाजायचं, ताकाचा हबका मारून झाकण ठेवायचं. वरून सांबार आणि लिंबू. रात्री मोट किंवा चणे भिजवून ठेवले तर दुसऱ्या दिवशी मोड येतात, आणि मोडांमुळे त्यातलं लोह शरीराला जास्त लागू पडतं. पोहे करत असाल तर त्यात दाणे आणि मोट घाला, नुसते पोहे म्हणजे तांदूळच. आपली तर्री वाईट नाही, चणे चांगलेच आहेत. तिच्यावर तरंगणारं तेल तेवढं कमी करा.

लिंबाचं मी उगाच म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी जवळपास ६९ आणि १५ ते ४९ वयातल्या १०० बायांपैकी ५४ जणींचं रक्त कमी निघालं. लिंबू, आवळा, पेरू यांच्यामुळे अन्नातलं लोह शरीरात शिरतं आणि चहामुळे अडतं. म्हणून चहा-टोस्ट हा आपल्या वस्तीतला सगळ्यात वाईट नाश्ता आहे, चॉकलेटच्या फ्लेक्सपेक्षाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, कोणी ऐकणार नाही. जेवणाच्या आणि चहाच्या मध्ये एक तास जाऊ द्या. पोरांना तर नकोच.

एक महत्त्वाची बाब विदर्भातल्या आपल्या घरांसाठी. आपल्या समाजात सिकलसेल आहे, हे लपवून भागत नाही. खोक्यावर "लोहयुक्त" वाचून काही आया ते मुद्दाम सिकलसेलच्या लेकरासाठी आणतात. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते मुख्यतः लाल पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह कमी खाल्लं म्हणून नाही. ज्या लेकराला वारंवार रक्त चढवावं लागतं त्याच्या शरीरात उलट लोह साठून बसतं. त्यामुळे लोहाच्या गोळ्या, टॉनिक किंवा असे डबे अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, त्याआधी गुरुजींना आणि नर्सताईला मुलाचं कार्ड दाखवून ठेवा. तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते, बोटाच्या थेंबभर रक्तावर.

आणि सिकलसेलचं लेकरू सकाळी उपाशी किंवा तहानलेलं घराबाहेर पडता कामा नये. पाणी कमी पडलं की दुखणं उठतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. उठल्याबरोबर दोन पेले पाणी, मग लाह्या-दूध किंवा भाकर, आणि दप्तरात भरलेली पाण्याची बाटली. शाळेत ती संपली की पुन्हा भरून घेऊ द्या, असं गुरुजींना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.