पाडव्याच्या दिवशीचा ढोरकी

पहाटे चार. दिवाळीच्या पाडव्याला वर्धा जिल्ह्यातल्या कारंज्याच्या (घाडगे) आसपासच्या खेड्यांत सगळ्यांत आधी चूल पेटते ती गोवाऱ्याच्या घरची. रात्री लक्ष्मीपूजनाचे फटाके फुटलेले असतात, गुरं बिथरलेली असतात. ज्या घरी मी हा दिवस पाहिला, तिथले आबाजी आधी गोठ्यात शिरले. दिवा लावला नाही. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत, तोंडानं हलका आवाज काढत ते सगळ्या दावणीवरून गेले, तेव्हा कुठे गायींचे कान खाली आले. गावची गुरं राखण्यात त्यांचा उभा जन्म गेला. या भागात गुराख्याला ढोरकी म्हणतात, गायकीही म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम गोवाऱ्यांकडे चालत आलं आहे.

सूनबाईंनी तोवर शेण वेगळं काढून ठेवलं होतं. आजचं शेण उकिरड्यावर जात नाही, त्याचं गोधन मांडायचं असतं.

साडेपाचला गुरं नाल्यावर नेली. पाणी बरंच गार होतं. गवताच्या चोळण्यानं पाठी घासल्या, खुरांतला चिखल काठीनं खरवडून काढला. नातू शेपट्या धुण्यावर होता आणि आबाजी काठावरून सांगत होते, "कानामागं पाय रे बावा, गोचीड तिथंच बसते."

उजाडल्यावर शिंगं रंगवायला घेतली. या गायी गवळाऊ जातीच्या. आर्वी, आष्टी आणि कारंजा हे तीन तालुके म्हणजे या जातीचं घर. कारंज्याजवळच्या हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी प्रक्षेत्रही आहे. रंग पांढरा, तोंड लांबट, अंग हलकं, चाल चपळ. दिवसभर माळावर फिरून, मिळेल त्या चाऱ्यावर ही गाय टिकते. शिंगं मात्र आखूड, टोकाला बोथट आणि किंचित मागं झुकलेली, म्हणून रंग थोडाच लागतो पण हात स्थिर हवा. आबाजींनी गायीची मान काखेत घेतली, डाव्या हातानं शिंगाचं बूड धरलं आणि गेरूचा बोळा बुडापासून टोकाकडं एकाच ओढीत नेला. डोळ्यात थेंब जाऊ नये म्हणून भुवईवर फडक्याची घडी ठेवली होती. दुसऱ्या शिंगाला नातवानं वार्निशचा डबा पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. "वास लागते तिले. दिवसभर मान झाडत राहीन."

इथं एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. गवळ्याच्या गायी त्याच्या स्वतःच्या असतात. गोवारी राखतो त्यातली बहुतेक गुरं दुसऱ्याची. कास्तकाराची गाय कोणत्या पायानं लंगडते, कोणती गाभण आहे, कोणती कळपातून फुटते, हे मालकाच्या आधी ढोरक्याला ठाऊक असतं. त्याच्या सणात जी गाय सजते ती त्याच्या नावावर नसते, पण तिला नाव त्यानंच ठेवलेलं असतं.

आठ वाजता ढालीची पूजा. मला विचाराल तर दिवसाचा गाभा हाच आहे. ढाल म्हणजे लढाईतली नव्हे. ती बांबूची उंच काठी, वर आडवी फळी, त्यावर रंगीत कापड आणि मोरपिसांचे झुबके. वर्षभर ती घराच्या आढ्याला बांधलेली असते. आज ती खाली उतरते, तिला हळद-कुंकू लागतं, तिच्यासमोर नारळ फुटतो. आबाजींनी काठी उभी करताच घरातली सगळी माणसं वाकली, पाळण्यातल्या लेकराचंही डोकं टेकवलं गेलं.

ढालीत पूर्वज असतात. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जमाती आणि जातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात गोवाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मूलबाळ न होता जे वारले, त्यांच्या जीवाला गोवारी ढाल म्हणतात आणि त्या घरात ती पुजली जाते, असं त्यात नोंदवलं आहे. पुरुषाच्या ढालीला माथ्यावर एकच आडवी काठी, बाईच्या ढालीला दोन काठ्या एकमेकींवर आडव्या बांधलेल्या. ज्याच्या मागं नाव चालवायला कुणी उरलं नाही, त्याला दिवाळीत सगळ्यांच्या पुढं मिरवायचं! पूर्वजांचा याहून मोठा मान मला तरी माहीत नाही. गुरांच्या रक्षणासाठी वारुळापाशी मातीचा घोडा ठेवून पुजायच्या दुधेऱ्या देवाचीही नोंद त्याच प्रकरणात आहे.

दहाच्या सुमाराला डफडं वाजू लागलं आणि गाव आखरावर आलं. सकाळी चरायला नेण्याआधी गावची गुरं जिथं गोळा होतात ती जागा म्हणजे आखर. मधोमध शेणाचं गोधन मांडलेलं, वर झेंडूची फुलं. गायींच्या डोक्यावर मोरपिसांचे तुरे, गळ्यात घुंगरं. ढाली पुढं नाचल्या, पाव्यावर सूर धरला गेला. एकजण कानावर हात ठेवून दोहा म्हणायचा, तो संपला की सगळे मिळून आरोळी द्यायचे आणि डफड्याचा ठेका वाढायचा. मग गायी गोधनावरून नेल्या. खुरांखाली ते शेण पसरलं, तसे बायांनी वाकून बोटभर उचलून लेकरांच्या कपाळाला लावलं. एका आजीनं तान्ह्या नातवाला त्यात अलगद टेकवून उचललं. पाटलाच्या घरचं लेकरू असो की मजुराच्या, तिलक एकाच शेणाचा. हा सण विदर्भात गायगोधन म्हणून ओळखला जातो, आणि वर्षातली ही एक सकाळ अशी की गावाचा पुढारी ढोरकी असतो.

त्यानंतर घरोघर. ढाल दारात उभी राहते, दोहा होतो, घरची बाई ढालीला ओवाळते, गायीला खिचडी चारते, सुपात ज्वारी किंवा गहू घालते. कुठं लुगडं, कुठं धोतर, आता बहुतेक ठिकाणी नोट. ही भीक नव्हे. वर्षभराच्या राखणीच्या हिशेबात जे पैशानं फिटत नाही ते या दारात फिटतं. एका दारात मालकीणबाईंनी ओवाळून झाल्यावर विचारलं, "भाऊ, माही कपिली बरी व्हईन का?" आबाजींनी तिथंच बसून गायीची कास दाबून पाहिली. डफडं तोवर थांबून राहिलं.

पण दारं कमी झाली आहेत. ट्रॅक्टर आला, तसे बैल गेले आणि बैलांमागून गायीही गेल्या. पूर्वी हे फिरणं संध्याकाळपर्यंत चालायचं, आज दोनच्या आत आटोपलं.

आणि मग जे झालं ते पाहुण्याला अनपेक्षित वाटावं. नवं धोतर घडी करून ठेवलं, जुनं नेसलं, भाकरी फडक्यात बांधली, आणि आबाजी त्याच सजलेल्या गुरांना घेऊन चरायला निघाले. सण असला तरी ढोराला पोट असतं.

अडीच ते पाच. रानात पाहायचं ते या वेळात. सोयाबीन निघालं होतं, कपाशी फुटली होती, तूर फुलावर होती. शेताच्या बाजूनं गुरं नेताना कळपाच्या डाव्या अंगाला राहायचं, पुढं एक जाणती गाय ठेवायची. संत्र्याच्या बागांना आता तारेची कुंपणं आहेत, जुन्या पांदणी अरुंद झाल्या आहेत. पुढं बरड लागतं, त्यापलीकडं झुडपी जंगल.

झुडपी जंगल ही विदर्भाच्या महसुली दप्तरातली जुनी नोंद. खुरट्या झाडोऱ्याच्या, गावच्या गुरांसाठी सोडलेल्या जमिनी त्यात येतात, वर्धा जिल्ह्यातही पुष्कळ आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनच आहेत असा निकाल दिला. जंगल वाचणार असेल तर मला आनंदच आहे. तरी माझं म्हणणं असं की ज्यांनी या जमिनी चराईसाठी वापरल्या आणि राखल्याही, त्या ढोरक्यांची पायवाट नकाशावर कुठं दाखवायची, हे ठरवताना त्यांना विचारलं पाहिजे. दक्षिणेकडं बोरचं जंगल आहे. १९७० साली ते अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. त्याचं क्षेत्र तसं लहान, त्यामुळं वाघ त्याच्या हद्दीत मावत नाही आणि बाहेर पडतो. आबाजी वाघाबद्दल रागानं बोलले नाहीत. पाणवठ्याजवळ गायी थबकल्या, माना उंचावल्या, तेव्हा त्यांनी नातवाला माग दाखवला, बोटं लावून तो किती जुना ते सांगितलं आणि कळप वळवला.

परतीच्या वाटेवर वडावर हरियाल उतरले होते. पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. गोवारी त्याला आपल्या नात्यातला मानतात, मारत नाहीत, कारण त्याचा आवाज गोवारी गायींना साद घालतो तसा वाटतो. रसेल-हिरालालांनी याची कथाही दिली आहे: चोर गायी हाकून नेत होता, झाडावरून हरियाल घुमला आणि गायी माघारी फिरल्या. आबाजींनी तो ग्रंथ पाहिलेला नाही. कथा मात्र त्यांनीही नातवाला तीच सांगितली, फक्त त्यांच्या कथेत चोर दोन होते.

सहाला गुरं आपापल्या दारी गेली. धार काढून झाली. सातनंतर वस्तीतली माणसं अंगणात जमली, आणि बोलणं नागपूरवर आलं.

२३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवाऱ्यांचा मोर्चा विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गेला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली, त्यांत बाया आणि लेकरंही होती. त्या वर्षीचा पाडवा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. आता झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. पुढं गोवाऱ्यांना विशेष मागास प्रवर्गात घातलं गेलं. जमातींच्या यादीत नाव आहे ते 'गोंड गोवारी' असं. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवाऱ्यांचा हक्क मान्य केला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. गोंड गोवारी वेगळे, गोवारी वेगळे, असं ठरलं. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या त्यांना संरक्षण दिलं गेलं.

रसेल-हिरालालांच्या त्याच ग्रंथात गोवाऱ्यांचे गाय-गोवारी, इंगा आणि गोंड-गोवारी असे तीन विभाग दिले आहेत, आणि न्यायालयातही त्या ग्रंथाचा आधार घेतला गेला. कायद्याच्या यादीत एखादं नाव घालणं वा काढणं हे संसदेचं काम, ते खरं. पण ढालीची रचना, हरियालाचं नातं आणि गोधनाची मांडणी शंभर वर्षांनंतरही जशीच्या तशी चालू असताना, प्रश्न मिटला असं मी तरी मानू शकत नाही. प्रत्यक्ष पाहणीची जागा जुन्या नोंदीनं घेतली, तर या समाजावर पुन्हा अन्याय होईल.

नऊ वाजता येत्या तेवीस नोव्हेंबरला स्मारकावर जायची वर्गणी ठरली. गाडी कोणाची, डबे कोण आणणार, सगळं झालं. कोण कोण जाणार याची नावं वहीत लिहिली जात होती. आबाजींनी पहिलं नाव नातीचं सांगितलं.

"शाळा बुडंल तिची," सूनबाई आतून म्हणाल्या.

"बुडू दे एक दिवस. दाखल्याचा अर्ज पुढं शाळेतच लागते ना? मंग कायसाठी एवढा अर्ज करा लागते, थे तिले कळू दे."

वहीत तिचं नाव लिहिलं गेलं, आणि त्याखाली तिच्या भावाचं.