आगगाडीच्या आधींची शाळा

समुद्रकांठच्या वांद्रें गांवीं जेसुइट पाद्र्यांनीं १८६३ सालीं सेंट स्टॅनिस्लॉस ही मुलांची शाळा स्थापिली. माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्यानें १८४५ सालीं झाला होता. लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोंचला तो १८६४ सालीं. शाळा या दोहोंच्या मधली. तिचा आरंभ थोरामोठ्यांच्या मुलांसाठीं नव्हे, तर आईबापांवेगळ्या एतद्देशीय मुलांसाठीं झाला. पुढें सुखवस्तु कुटुंबेंहि आपलीं मुलें त्याच आवारांत धाडूं लागलीं.

आम्हीं उभा जन्म शाळेंतच घालविला. शाळा निवडतांना पालक निकाल विचारतात, इमारत पाहतात. आमची विनंति एवढीच कीं, ज्याची फी भरणारें कोणी नाहीं त्याच्यासाठींहि तेथें बांक आहे काय, हें एकदां विचारावें.