शेततळ्यात रांजण निघाला तर…

गेल्या उन्हाळ्यात मित्राच्या शेतात शेततळं खोदायला जेसीबी लावला होता. पाच-सहा फुटांवर खापरं निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, धनाचा हंडा!" धन नव्हतंच, एक फुटका रांजण होता. पण माझं मन थेट इनामगावला पोचलं.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी हे गाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केलं. सुमारे २,७०० ते ३,६०० वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली.

ही माणसं आपले मृत घरात किंवा अंगणातच पुरत. लहान मूल गेलं, की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत मूल. वर पुन्हा जमीन सारवायची.

मोठ्यांना उत्तरेकडे डोकं करून पुरत, पण बहुतेकांची पावलं घोट्याखाली तोडलेली! मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून, असा अंदाज.

एक मात्र वेगळा. चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेला, पावलं शाबूत. बहुधा गावातला कोणी मानाचा माणूस.

उत्तर प्रदेशातल्या सिनौलीतही २००५ मध्ये शेत सपाट करताना हाडं-भांडी निघाली. उत्खननात शंभरावर दफनं मिळाली.

म्हणून खोदताना खापरं, हाडं दिसली तर काम थांबवा. काही उचलू, धुऊ नका. जागेवरच फोटो काढा, तहसीलदारांना कळवा. वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी गोष्ट हरवते.

तुमच्या रानात असं काही निघालंय का? कमेंटमध्ये सांगा, विचारा.